वर्गातील वैविध्य आणि अध्यापनाचे अनुकूलन : 'अध्ययनशैली' या संकल्पनेची फेरतपासणी

प्रस्तावना

महाविद्यालयीन वर्गातील सर्व विद्यार्थी सारख्या रीतीने शिकत नाहीत, हे विधान आज कोणीही नाकारणार नाही. काहींना व्याख्यान ऐकता ऐकताच आशय उमगतो, काहींच्या हाती पुस्तक उघडल्यावाचून काही लागत नाही, तर काहीजण परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत कोरेच राहतात. मतभेद आहे तो पुढच्या पायरीवर. हे वैविध्य नेमके कशाचे आहे आणि त्यानुसार अध्यापकाने आपल्या अध्यापनात काय बदल करावा, या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर उद्बोधन व उजळणी वर्गांतून आणि पाठनियोजनाच्या नमुन्यांतून रूढ झाले आहे. ते असे की, काही विद्यार्थी दृश्य माध्यमातून शिकतात, काही श्राव्य माध्यमातून, तर काही कृतीतून. म्हणून प्रत्येकाची 'अध्ययनशैली' ओळखावी आणि तिच्याशी जुळेल असे अध्यापन करावे. प्रस्तुत लेखात या उत्तराची तपासणी केली असून, वैविध्याचा शोध अन्यत्र घेणे अधिक फलदायी कसे ठरते हे अर्थशास्त्रातील एका घटकाच्या आधारे मांडले आहे. अन्य विषयांच्या प्राध्यापकांनी त्या जागी आपल्या विषयातील एखादा अवघड घटक कल्पून पाहावा.

अध्ययनशैलीची कल्पना व तिचा पुरावा

या कल्पनेमागे एकच सिद्धान्त नाही. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त मांडला. डेव्हिड कोल्ब यांचे अनुभवाधारित अध्ययनाचे चक्र १९८४ चे. न्यूझीलंडमधील लिंकन विद्यापीठातील नील फ्लेमिंग यांनी कॉलिन मिल्स यांच्यासह १९९२ मध्ये 'व्हार्क' ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन व कृती या चार पसंती तीत गृहीत धरल्या आहेत. आपल्याकडील टिपणांत ही तिन्ही नावे एका दमात घेतली जातात. वस्तुतः बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली नव्हे, असा खुलासा खुद्द गार्डनर यांनीच केलेला आहे. फ्लेमिंग व मिल्स यांनीही आपल्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्नावलीचा उल्लेख आत्मचिंतनाला चालना देणारे साधन असा केला होता. विद्यार्थ्याच्या कपाळावर शिक्का मारण्याचे साधन ती नंतर झाली.

२००४ मध्ये फ्रँक कॉफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये या क्षेत्राचा विस्तृत आढावा घेतला. त्यांना अध्ययनशैलीची ७१ प्रतिमाने आढळली. त्यांपैकी १३ प्रमुख प्रतिमाने त्यांनी बारकाईने तपासली, आणि त्यांतील बहुतेकांचा सैद्धान्तिक व सांख्यिकीय पाया त्यांना अपुरा वाटला. पुढे २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर, मार्क मॅक्डॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांनी मुळाशीच हात घातला. शैलीनुसार शिकवल्याने अधिक शिकले जाते हे सिद्ध करण्यासाठी कोणत्या स्वरूपाचा पुरावा लागेल, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. समजा, प्रश्नावलीवरून वर्गाचे 'दृश्य' व 'श्राव्य' असे दोन गट पाडले. प्रत्येक गटातील निम्म्या विद्यार्थ्यांना तोच आशय आकृत्यांतून व निम्म्यांना केवळ निवेदनातून शिकवला, आणि शेवटी सर्वांची एकच चाचणी घेतली. दृश्य गटाला आकृत्यांनी आणि श्राव्य गटाला निवेदनाने अधिक गुण मिळाले, तरच सिद्धान्त टिकतो. दोन्ही गटांना आकृत्यांनीच अधिक लाभ झाला, तर तो आशयाचा गुण ठरेल. विद्यार्थ्याच्या शैलीचा त्याच्याशी संबंध राहणार नाही. या कसोटीस उतरेल अशी रचना असलेले अभ्यास त्यांना फारच थोडे सापडले, आणि त्यांपैकी अनेकांचे निष्कर्ष सिद्धान्ताच्या विरोधात जाणारे होते.

थोडा विचार केल्यास यात नवल वाटू नये. सह्याद्रीच्या घाटवाटा नकाशावाचून शिकवता येत नाहीत, मग विद्यार्थी कितीही 'श्राव्य' असो. आणि 'ल' व 'ळ' यांच्या उच्चारांतील भेद चित्राने कळत नाही. माध्यम ठरते ते प्रामुख्याने आशयाच्या गरजेवरून.

विद्यार्थ्यांना पसंती नसतेच, असा याचा अर्थ नाही. पसंती असते, मात्र जे आवडते त्यानेच अधिक शिकले जाते, हे त्यावरून निष्पन्न होत नाही. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचावयास दिला आणि दुसऱ्या गटाला तो न पाहता आठवून लिहावयास सांगितला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर चित्र उलटले. ज्यांनी आठवून लिहिण्याचे कष्ट घेतले होते, त्यांच्या स्मरणात लक्षणीयरीत्या अधिक मजकूर टिकला होता. पुन्हा पुन्हा वाचण्याची वाट सोपी व सुखाची वाटते, म्हणून ती पसंत पडते इतकेच.

ही चर्चा केवळ तात्त्विक राहिली असती, तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. प्रश्न शिक्क्याच्या परिणामांचा आहे. ग्रामीण व आदिवासी भागातील महाविद्यालयांत, घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणाकडे आलेल्या विद्यार्थ्यांविषयी 'ही मुले वाचणारी नव्हेत, त्यांना प्रात्यक्षिकच द्यावे' हे वाक्य अगदी सहानुभूतीने उच्चारले जाते. अध्ययनशैलीच्या परिभाषेमुळे त्याला शास्त्रीयतेचा मुलामा मिळतो. व्यवहारात मात्र एवढेच घडते की, ज्याला वाचनाचा सराव सर्वांत कमी मिळाला, त्याच्याकडूनच वाचनाची अपेक्षा काढून घेतली जाते. पुढे विद्यापीठाची परीक्षा लेखी, स्पर्धा परीक्षा लेखी, नोकरीचा अर्जही लेखीच. 'कृतीतून शिकणारा' म्हणून सूट मिळालेला विद्यार्थी त्या दारांपाशी एकटाच उभा असतो. शिवाय कोणत्या घरातील मुलांना 'हाताने शिकणारी' म्हटले जाते आणि कोणत्या घरातील मुलांना 'पुस्तकी', याचा आपल्या समाजातील इतिहास पाहता या शिक्क्याविषयी अधिक सावध असणे प्राप्त आहे.

फरक खरोखर कोठे असतात

मग अनुकूलन करावयाचे तरी कशाशी? डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्येच याचे उत्तर सुचवले होते. शिकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे, हा अध्ययनावर प्रभाव टाकणारा सर्वांत महत्त्वाचा घटक होय, अशी त्यांची भूमिका होती. क्रॉनबॅक व स्नो यांच्या १९७७ च्या ग्रंथात विद्यार्थ्यांचे गुणविशेष आणि अध्यापनपद्धती यांच्या परस्परसंबंधाचा मोठा धांडोळा आहे. अनेक अपेक्षित संबंध त्यात टिकले नाहीत. मात्र तयारी कमी असलेल्या विद्यार्थ्यांना सुघटित, पायरी-पायरीने नेणारे अध्यापन अधिक उपकारक ठरते, असे सर्वसाधारणपणे दिसून आले. स्लाव्हा काल्युगा, जॉन स्वेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याची दुसरी बाजू मांडली. सोडवून दाखवलेले उदाहरण नवशिक्याला आधार देते, पण ज्याला विषयात गती आहे त्याला तेच अडथळा ठरू शकते. म्हणजे विद्यार्थ्यानुसार पद्धत बदलण्यास आधार आहे. मात्र बदलाचे गमक पूर्वज्ञान हे आहे. डोळे, कान व हात ही विभागणी नव्हे.

पूर्वज्ञानाच्या जोडीला आपल्या परिस्थितीत आणखी दोन गोष्टी येतात : भाषा आणि वेळ. नाशिक जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावयाचे तर बागलाण-कळवणकडील विद्यार्थी घरी अहिराणी बोलतो, सुरगाणा-पेठ भागातील कोकणा. क्रमिक पुस्तकातील प्रमाण मराठी ही दोघांचीही शिकलेली भाषा असते. वेळेचा प्रश्न याहून ठळक आहे. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याच्या लागवडीच्या दिवसांत आणि पुढे मार्च-एप्रिलमध्ये काढणीच्या वेळी वर्गातील काही बाके रिकामी असतात. ही अनुपस्थिती अनास्थेची नसते.

परिस्थितीशी जुळवून घेणाऱ्या शिक्षणाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, हा त्यामागील विचार. त्यांनी मुलांचे प्रकार पाडले नाहीत. अडचण कोठे आहे ते पाहिले.

एक घटक : मागणीची लवचिकता

हा घटक कला व वाणिज्य या दोन्ही शाखांच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात असतो. अध्यापनाचा रूढ क्रम म्हणजे व्याख्या, सूत्र, पाच प्रकार, पाच आकृत्या, निर्धारक घटक व महत्त्व. विद्यार्थी हे सर्व पाठ करतात आणि 'कांद्याची मागणी लवचीक की अलवचीक?' या साध्या प्रश्नापाशी अडतात. अडण्याची कारणे शोधू गेल्यास ती तीन निरनिराळ्या ठिकाणी सापडतात.

पहिले कारण शब्दाचे. बोलीत 'लवचीक' म्हणजे वाकणारे. त्यामुळे अनेक विद्यार्थी लवचिकता म्हणजे मागणीच्या वक्राला आलेला बाक, असे समजून चालतात. प्रत्यक्षात किंमत बदलली असता मागणी किती प्रतिसाद देते, एवढाच तिचा अर्थ. 'सीमांत' या शब्दाचेही तेच. सीमांत शेतकरी ही ओळख ज्याने सरकारी कागदावर पाहिली आहे, त्याला 'सीमांत उपयोगिता' भलतीकडेच घेऊन जाते. मराठी माध्यम म्हणजे आपोआप सुलभ, या समजुतीला येथे छेद जातो.

दुसरे कारण शेकडेवारीचे. दहावीनंतर ज्याचा गणिताशी संबंध सुटला आहे, तो दहा रुपयांची वाढ आणि दहा टक्क्यांची वाढ यांत गल्लत करतो. सूत्र मुखोद्गत असूनही उत्तर चुकते.

तिसरे कारण आकृतीचे, आणि अध्ययनशैलीच्या दृष्टीने तेच सर्वांत बोलके आहे. आकृती काढली म्हणजे 'दृश्य' विद्यार्थ्यांची सोय झाली, असे मानले जाते. पण आलेख हे चित्र नव्हे. तो वाचावा लागतो, आणि त्याची लिपी शिकावी लागते. आलेख वाचण्याची सवय नसलेल्या विद्यार्थ्याला तो परिच्छेदाहून दुर्बोध वाटतो. ज्याने गणित चांगले केले आहे त्याची अडचण आणखी वेगळी. गणितात स्वतंत्र चल आडव्या अक्षावर घेतात. अर्थशास्त्रात मात्र आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथापासून रूढ झालेल्या संकेतानुसार किंमत उभ्या अक्षावर येते. हा केवळ संकेत आहे, असे एका वाक्यात सांगितले तरी त्याचा गोंधळ मिटतो; पण ते वाक्य बहुतेक पुस्तकांत नसते.

यावरून घटकाची मांडणी बदलता येते. आरंभ व्याख्येने न करता हिशेबाने करावा. समजा, एका कुटुंबाला महिन्याला ५ किलो कांदा लागतो आणि भाव किलोला २० रुपये आहे. भाव ३० रुपये झाल्यावर ते कुटुंब साडेचार किलोवर येते. भाव ५० टक्क्यांनी वाढला, मागणी १० टक्क्यांनी घटली, प्रतिसाद ०.२, म्हणजे एकाहून बराच कमी. खर्च मात्र १०० रुपयांवरून १३५ रुपयांवर गेला. आता उलट बाजू. आवक वाढून भाव २० वरून १० रुपयांवर आला आणि कुटुंबाने ५ ऐवजी साडेपाच किलो कांदा घेतला, तर त्याचा खर्च ५५ रुपये. हाच खर्च विक्रेत्याच्या बाजूने पाहिला की १०० रुपयांच्या जागी ५५ रुपये उरतात. पीक उदंड येऊनही लासलगावच्या लिलावातून शेतकरी हताश होऊन का परततो, याचा उलगडा निफाड-चांदवडच्या विद्यार्थ्याला या तीन ओळींच्या हिशेबात होतो. त्यानंतर फळ्यावर येते ती व्याख्या, आणि मग आकृती.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्थानिक उदाहरण सर्वांनाच सारखे जवळचे असते, असे समजू नये. सुरगाण्याचा विद्यार्थी भात-नागलीच्या शेतीतून आलेला असतो आणि त्याच्या घरचे लोक हंगामात द्राक्षबागांत मजुरीस जातात. त्याच्यासाठी कांदा ही विकण्याची नव्हे, विकत घेण्याची वस्तू. त्याने तोच हिशेब ग्राहकाच्या बाजूने, किंवा मिठासारख्या वस्तूचा मांडला तरी चालते. वर्गात दोन्ही बाजू फळ्यावर आल्या, तर एकाचा खर्च ते दुसऱ्याचे उत्पन्न हे वेगळे सांगावे लागत नाही.

सरावाच्या वेळी भेद करावा तो पूर्वज्ञानानुसार. तासिकेच्या आरंभी अर्ध्या कागदावर शेकडेवारीचा एक, आलेखवाचनाचा एक आणि संज्ञेचा अर्थ आपल्या शब्दांत सांगणारा एक, असे तीन प्रश्न द्यावेत. पाच मिनिटे पुरतात. गुण देऊ नयेत. शेकडेवारीत अडलेल्यांना एक संपूर्ण सोडवलेले उदाहरण द्यावे, दुसऱ्यात शेवटची पायरी मोकळी ठेवावी, तिसऱ्यात शेवटच्या दोन. आधार असा हळूहळू काढून घ्यावा. ज्यांची तयारी आहे त्यांना त्याच प्रकारची आणखी पाच उदाहरणे देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे वेगळा प्रश्न ठेवावा : कांद्याची मागणी अलवचीक असेल, तर एकट्या शेतकऱ्याने पीक निम्म्यावर आणल्यास भाव वाढेल का? संपूर्ण बाजारातील त्याचा वाटा नगण्य असल्यामुळे त्याला भाव आहे तसाच स्वीकारावा लागतो. त्याच्यापुरती मागणीरेषा आडवी, म्हणजे पूर्णतः लवचीक. बाजाराची मात्र अलवचीक. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हे लिहून काढण्यात चांगल्या विद्यार्थ्याचाही कस लागतो.

हे गट त्या घटकापुरतेच असावेत. शेकडेवारीत आधार लागणारा विद्यार्थी लिलावाच्या प्रश्नात अनेकदा सर्वांच्या पुढे असतो, कारण वडिलांबरोबर त्याने बाजार समितीचे आवार पाहिलेले असते. २०१७ पासूनच्या 'नॅक'च्या मूल्यमापन आराखड्यात 'संथ' व 'प्रगत' अध्ययनार्थी ओळखून त्यांच्यासाठी राबवलेल्या उपक्रमांची माहिती मागितली जात असे. त्यामागील हेतू रास्त होता. मात्र वर्षारंभी एकदा याद्या करून धारिकेत लावून ठेवल्या, की संथ विद्यार्थी वर्षभर संथच राहतो, निदान कागदावर तरी. त्यामुळे याद्या घटकागणिक बदलत राहणे इष्ट. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही खुले ऐच्छिक विषय आल्याने एकाच वर्गात भिन्न विद्याशाखांचे विद्यार्थी बसतात. पूर्वज्ञानातील अंतर त्यामुळे वाढलेच आहे.

मोठ्या वर्गाच्या मर्यादेत

शंभरावर नावे असलेल्या वर्गात हे शक्य आहे का, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. सर्व काही शक्य नाही. पाचही आकृत्या वर्गात काढण्याचा हट्ट सोडून दोन-तीनच काढाव्या लागतात आणि उर्वरित भाग वाचनास द्यावा लागतो. अभ्यासक्रम 'पूर्ण' करण्याच्या आपल्या कल्पनेला त्यामुळे थोडी मुरड घालावी लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती घालणे योग्यच आहे.

दोन उपायांना मात्र काहीच खर्च नाही. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१ पासून आपल्या वर्गात सहाध्यायी-अध्यापनाची पद्धत वापरली. संकल्पनात्मक प्रश्न विचारावा, प्रत्येकाने आधी स्वतःचे उत्तर ठरवावे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यावे आणि पुन्हा उत्तर द्यावे. यंत्राची गरज नाही. पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटे छातीशी धरावयास सांगितली, तरी अध्यापकाला वर्गाचा अंदाज येतो आणि विद्यार्थ्याचे उत्तर मागच्या बाकाला दिसत नाही. शेजाऱ्याशी चर्चा अहिराणीत वा कोकणात झाली तर होऊ द्यावी. लिहिताना प्रमाण मराठीचा आग्रह धरावा.

दुसरा उपाय थांबण्याचा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतील वर्गांच्या निरीक्षणातून दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेल्यास उत्तरे दीर्घ होतात, उत्तर देणाऱ्यांची संख्या वाढते आणि एरवी गप्प बसणारे विद्यार्थी बोलू लागतात. ज्याला प्रश्न मनातल्या मनात घरच्या भाषेत न्यावा लागतो आणि उत्तर परत आणावे लागते, त्याला ते दोन सेकंद किती मोलाचे आहेत, हे वेगळे सांगावयास नको. फळ्यासमोर उभे राहून तीन सेकंद गप्प राहणे मात्र वाटते तितके सोपे नाही.

हंगामात गैरहजर राहणाऱ्यांसाठी घटकाचे एका पानाचे टिपण, सोडवलेल्या उदाहरणासह, ग्रंथालयात ठेवावे. भ्रमणध्वनीवर दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण पाठवणेही आता कठीण राहिलेले नाही. तो विद्यार्थी 'श्राव्य' आहे म्हणून ते पाठवावयाचे नाही. हात मातीत असताना कान मोकळे असतात, म्हणून पाठवावयाचे.

अक्षमता आणि शैली

शैली आणि अक्षमता यांची गल्लत होऊ नये, हे स्वतंत्रपणे नमूद करणे आवश्यक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अक्षमतांचा अंतर्भाव असून १९९५ च्या कायद्यात ही संख्या ७ होती. विशिष्ट अध्ययन अक्षमता ही नव्याने आलेल्यांपैकी एक. लेखी परीक्षेत लेखनिक आणि ताशी किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ, अशी केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. बोलताना विचार स्पष्ट, पण लेखनात अक्षरांची सतत उलटापालट व वाचनात असाधारण संथपणा, असा विद्यार्थी आढळल्यास 'तो श्राव्य शैलीचा आहे' असे म्हणून थांबणे म्हणजे त्याला मिळू शकणाऱ्या हक्कापासून दूर ठेवणे होय. ग्रामीण भागातून आलेल्या अनेकांची शालेय वयात तपासणीच झालेली नसते. अशा वेळी त्याला जिल्हा रुग्णालयातील प्रमाणपत्राच्या प्रक्रियेची माहिती देणे, हे वर्गशिक्षकाचे काम ठरते.

अंध विद्यार्थ्यासाठी पुठ्ठ्यावर जाड दोरा चिकटवून मागणीची रेषा बोटांना कळेल अशी करता येते. त्याहून महत्त्वाचे आहे ते अध्यापकाचे बोलणे. फळ्याकडे हात करून 'ही इथून अशी खाली आली' असे म्हटल्याने त्याला काहीच कळत नाही. 'उभ्या अक्षावर किंमत आहे, आडव्या अक्षावर मागणी. रेषा डावीकडून उजवीकडे उतरते आणि जवळजवळ उभीच राहते, म्हणजे किंमत पुष्कळ बदलली तरी मागणी थोडीच सरकते' असे म्हटले, तर त्याला आकृती मिळते. फळा नीट न दिसणाऱ्या शेवटच्या बाकावरच्यालाही ती मिळते, आणि कांद्याच्या वाफ्यात ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या विद्यार्थ्यालाही.